मिहानमधली आयटी मोजली जाते, किराणा ओळीतली कुठे जाते?

"मावशी, तू जन्मभर आकडे गोळा केले. एका वाक्यात सांग, देशाच्या वाढीत आयटीचा वाटा किती?" भाच्याने गेल्या आठवड्यात फोनवर विचारलं. तो नागपूरच्या मिहान या औद्योगिक परिसरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. रोज सीताबर्डीहून मेट्रोने खापरीला जातो आणि तिथून पुढे कंपनीच्या बसने. ऑफिसात त्याला एक सादरीकरण करायचं होतं आणि त्यात टाकायला एक आकडा हवा होता. एका वाक्यात मावणारं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याला जे सांगत गेले ते लांबतच गेलं, तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

माझी नोकरी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या क्षेत्रकार्यात झाली. दिल्लीत जे आकडे छापून येतात त्यांची पहिली नोंद आमच्यासारख्या लोकांच्या हातून होते. नागपूर, भंडारा, वर्धा या भागातल्या पिठाच्या गिरण्या, शिंपी, किराणा दुकानं, ट्रान्सपोर्टवाले, ब्युटी पार्लर अशा असंख्य दारांत मी उभी राहिले आहे. आधी कागदी शेड्यूल घेऊन, नंतर टॅबलेट घेऊन. त्या अनुभवावरून माझं मत पक्कं झालं आहे. आयटी तयार करणाऱ्यांचं योगदान आपण बऱ्यापैकी मोजतो. आयटी वापरणाऱ्यांचं योगदान मात्र हिशेबात फार पुसट उमटतं, आणि विकासदराच्या दृष्टीने तेच जास्त महत्त्वाचं आहे.

भाच्याने नेटवरून एक आकडा आधीच शोधून ठेवला होता. आयटी उद्योग म्हणजे जीडीपीच्या सात टक्के. हा आकडा येतो कुठून ते पाहू. नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेच्या हिशेबाने 2023-24 मध्ये या उद्योगाचा महसूल सुमारे 254 अब्ज डॉलर होता. त्या वर्षीचा आपला जीडीपी साडेतीन लाख कोटी डॉलरच्या थोडा वर. भागाकार केला की सात टक्के येतात. पण महसूल म्हणजे एकूण विक्री, आणि जीडीपी म्हणजे मूल्यवर्धनाची बेरीज. कंपनीने शंभर रुपयांचं बिल केलं आणि त्यासाठी भाडं, वीज, प्रवास, दुसऱ्यांकडून घेतलेल्या सेवा यांवर तीस रुपये खर्च केले, तर जीडीपीत तिची भर सत्तर रुपयांची. आयटी सेवांमध्ये खर्चाचा मोठा भाग पगाराचा असतो आणि पगार मूल्यवर्धनातच मोडतो, त्यामुळे इथे फरक एखाद्या कारखान्याइतका मोठा पडत नाही. तरीही विक्रीला जीडीपीने भागून वाटा काढणं ही पद्धत चूकच.

यापेक्षा नीट काम इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयासाठी इक्रियर या संस्थेने केलं. त्यांचा अहवाल जानेवारी 2025 मध्ये आला. त्यात 2022-23 साली देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नात डिजिटल अर्थव्यवस्थेचा वाटा 11.74 टक्के धरला आहे, आणि त्यात काम करणारे लोक एकूण मनुष्यबळाच्या 2.55 टक्के. या आकड्यात आयटी सेवा, दूरसंचार आणि इलेक्ट्रॉनिक उत्पादन तर आहेच. शिवाय डिजिटल प्लॅटफॉर्म आणि बँका, व्यापार, शिक्षण अशा जुन्या क्षेत्रांचा डिजिटल झालेला भागही त्यांनी अंदाजाने घेतला आहे. हा प्रयत्न मला मनापासून आवडला, कारण निदान त्यांनी वापराकडे पाहिलं. तरी मोठा हिस्सा तयार करणाऱ्यांचाच आहे.

आणि वाटा कितीही असला तरी भाच्याचा प्रश्न वेगळा होता. त्याने वाढीबद्दल विचारलं होतं. समजा एखादं क्षेत्र अर्थव्यवस्थेच्या आठ टक्के आहे आणि ते वर्षाला दहा टक्क्यांनी वाढतं. मग देशाच्या विकासदरात त्याची थेट भर 0.8 टक्के बिंदू. देश सात टक्क्यांनी वाढला असेल, तर त्यातला नववा हिस्सा या क्षेत्राचा. मिहानमध्ये लिहिलेला कोड या हिशेबात येतो, कारण त्याची निर्यात होते, बिल होतं, पगार होतो. पण तो कोड ज्या परदेशी बँकेत चालतो, तिथे चार माणसांचं काम एक माणूस करू लागला, तर ती उत्पादकता त्या बँकेच्या देशाच्या खात्यात जमा होते. ती भारताच्या विकासदरात येत नाही. ही गोष्ट भाच्याला ठाऊक नव्हती, आणि आयटीबद्दल अभिमानाने लिहिणाऱ्या बऱ्याच लेखांमध्येही मला ती सापडत नाही.

वापराचा हिशेब करायची रीत अर्थशास्त्रात आहे, आणि ती चांगली आहे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1957 मध्ये वाढीचं विभाजन मांडलं. उत्पादन वाढलं तर त्यातलं किती जास्त माणसं लावल्यामुळे, किती जास्त भांडवल लावल्यामुळे, आणि उरलेलं किती या दोन्हींच्या पलीकडचं? अमेरिकेच्या 1909 ते 1949 या काळाला त्यांनी हा हिशेब लावला, तेव्हा दर कामगार-तासामागच्या उत्पादनवाढीचा आठवा हिस्साच भांडवलाने समजावता आला. बाकी सगळं त्या 'उरलेल्या'त गेलं. मोझेस अब्रामोविट्झ यांनी अशाच उरलेल्या भागाला आपल्या अज्ञानाचं माप म्हटलं होतं. याच सोलोंनी 1987 मध्ये एका पुस्तक परीक्षणात लिहिलं की संगणकाचं युग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, आणि या एका वाक्याने पुढची पिढीच्या पिढी कामाला लागली.

त्यातलं सगळ्यात पायाशुद्ध काम हार्वर्डच्या डेल जॉर्गन्सन यांचं. त्यांचं म्हणणं असं, की भांडवल मोजताना वस्तूची किंमत बघू नका, ती वस्तू वर्षभरात किती सेवा देते ते बघा. हे मला पहिल्यांदा कळलं ते कागदावर मांडूनच, म्हणून इथेही मांडते. नागपूरच्या इतवारी बाजारात चाळीस लाखांचा गाळा आहे आणि त्यात चाळीस हजारांचा संगणक आहे. व्याज दोघांवर दहा टक्के धरा. गाळ्याची झीज दोन टक्के, पण जागेचा भाव वर्षाला पाच टक्के चढतो, म्हणून गाळा बाळगण्याचा खरा खर्च सात टक्के. संगणकाचं उलट. तो झिजतो, जुना होतो आणि नवा त्याहून स्वस्तात मिळतो. ही घट तीस टक्के धरली तर तो बाळगायचा खर्च चाळीस टक्के. आता दुकानदार शहाणा असेल तर तो संगणक तेव्हाच घेईल जेव्हा त्याच्यावरचा एक रुपया वर्षाला निदान चाळीस पैसे कमावून देईल. गाळ्यावरच्या रुपयाने सात पैसे दिले तरी भागतं. आकडे माझे, समजावण्यापुरते. पण यावरून कळेल की भांडवलाच्या साठ्यात संगणक इवलासा दिसतो आणि भांडवलाच्या सेवेत मात्र तो एकदम मोठा होतो. साठा मोजणारा त्याला विसरला तरी चालतं, सेवा मोजणाऱ्याला विसरून चालत नाही.

पुढचा गुणाकार सोपा. देशाच्या उत्पन्नात आयटी भांडवलाच्या कमाईचा हिस्सा तीन टक्के असेल आणि त्या भांडवलाच्या सेवा वर्षाला वीस टक्क्यांनी वाढत असतील, तर विकासदरात भर 0.6 टक्के बिंदू. याच रीतीने अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतल्या स्टीफन ऑलिनर आणि डॅनियल सिचेल यांनी 2000 मध्ये दाखवलं, की 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या श्रम-उत्पादकतेच्या वाढीला जो वेग आला, त्यातला सुमारे दोन-तृतीयांश हिस्सा संगणक वापरण्यातून आणि संगणक बनवण्यातून आला. सोलोंना मिळालेलं हे पहिलं भक्कम उत्तर. पण गंमत बघा, 2000 च्या दशकाच्या मध्यानंतर तिथल्या उत्पादकतेची वाढ पुन्हा मंदावली. स्मार्टफोन तर त्यानंतर घरोघरी गेला.

या गुणाकारातला वीस टक्क्यांचा आकडा कसा काढतात, तिथे खरी मेहनत आहे. दुकानदाराने पाच वर्षांपूर्वी चाळीस हजारांचा संगणक घेतला आणि आज पुन्हा चाळीस हजारांचाच घेतला. रुपयांत गुंतवणूक तेवढीच. पण आजचं यंत्र दुप्पट काम करत असेल, तर खऱ्या अर्थाने गुंतवणूक दुप्पट झाली. किंमत निर्देशांकाने ही सुधारणा धरली पाहिजे. अमेरिकेने 1980 च्या दशकाच्या मध्यात आयबीएमच्या मदतीने गुणवत्तेनुसार किंमत काढायची पद्धत राष्ट्रीय हिशेबात आणली. वेग, स्मृती, साठवण अशा प्रत्येक गुणाला बाजार काय भाव देतो हे आधी काढायचं, आणि मग त्या गुणांच्या मानाने यंत्र किती स्वस्त झालं ते. युरोपातले काही देश मात्र जुन्याच रीतीने मोजत राहिले. तेच यंत्र, तोच काळ, पण एका देशाच्या पुस्तकात ते भराभर स्वस्त होत होतं आणि दुसऱ्याच्या पुस्तकात हळूहळू. म्हणून तुलना करताना ओईसीडीला, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेला, सगळ्यांसाठी एकसारखा निर्देशांक लावून बघावं लागलं. कुठल्याही दोन देशांच्या आयटी-योगदानाची तुलना वाचताना मी आधी हेच शोधते, की किंमत कशाने मोजली.

आता इतवारीतल्या किराणा ओळीत, म्हणजे किराण्याच्या ठोक बाजारात, येते. इथलं एक दुकान आमच्या माहेरच्या ओळखीचं आहे. पाहणीतलं नाही, कारण पाहणीतल्या कुणाबद्दल मी कधीही लिहिणार नाही. मसाले आणि सुकामेव्याचं ठोक दुकान. आत गादी, भिंतीला लक्ष्मीची तसबीर, पुढे जिऱ्या-धण्याची पोती. माझ्या लहानपणी तिथे एक म्हातारे मुनीम रोकडवही आणि खतावणी लिहीत बसत. नंतर संगणक आला, त्यात टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं. पण कित्येक वर्षं वहीसुद्धा चालूच होती. दिवसभर वहीत लिहायचं आणि संध्याकाळी एक मुलगा येऊन तेच संगणकात भरायचा. म्हणजे काम दुप्पट, फायदा शून्य. तेव्हा कुणी त्या दुकानाची उत्पादकता मोजली असती तर संगणकाने ती घटवली असंच निघालं असतं.

पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने 1990 मध्ये विजेबद्दल हेच दाखवून दिलं होतं. कारखान्यांत वीज आल्यावर मालकांनी वाफेच्या इंजिनाच्या जागी मोठी मोटर बसवली आणि बाकी सगळे पट्टे, दांडे तसेच ठेवले. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर द्यायची आणि कारखान्याची मांडणीच बदलायची, हे सुचायला आणि व्हायला काही दशकं गेली. उत्पादकता त्यानंतर उसळली.

किराणा ओळीतलं ते वळण माझ्या मते 1 जुलै 2017 ला आलं. जीएसटी लागू झाला, बिलाशिवाय माल हलेना. पुढच्या एप्रिलपासून आंतरराज्य मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा कागद, आलं. वही बंद झाली. पहिलं वर्ष सगळ्यांनी फार त्रासात काढलं, ते मी जवळून पाहिलं आहे. पण एकदा सगळी विक्री संगणकात आली आणि दुकानदाराला पहिल्यांदा दिसलं की कुठला माल किती दिवस पडून राहतो. त्याने साठा कमी केला. भाड्याने घेतलेली दोन गोदामं होती, त्यातलं एक सोडलं. उमरेड, काटोल, रामटेकचे किरकोळ दुकानदार पूर्वी ठरल्या वारी एसटीने यायचे, अर्धा दिवस इतवारीत मोडायचा. आता ते व्हॉट्सॲपवर बोलून ऑर्डर पाठवतात, पैसे यूपीआयने येतात, माल ट्रान्सपोर्टने जातो. "आता लोक येतच नाही ना जी दुकानात," इतवारीचा तो दुकानदार म्हणाला, "साऱ्या ऑर्डरी फोनवरच येऊन राहिल्या."

मग यातलं जीडीपीत काय येतं? व्यापाऱ्याचं मूल्यवर्धन म्हणजे विक्रीतून खरेदी वजा आणि खर्च वजा. गोदामाचं भाडं वाचलं, तेवढं त्याचं मूल्यवर्धन वाढलं. इथवर ठीक. पण उमरेडचा दुकानदार आता फोनवर चार ठोक व्यापाऱ्यांचे भाव विचारतो, त्यामुळे जिऱ्यामागे सुटणारा पैसा कमी झाला. या दुकानाचं मूल्यवर्धन तेवढं घटलं. ती बचत उमरेडच्या दुकानदाराकडे गेली, काही त्याच्या गिऱ्हाईकाकडे गेली. उमरेडच्या दुकानदाराचा वाचलेला अर्धा दिवस तर कुठल्याच रकान्यात नाही, जोवर तो त्या वेळात जास्तीची विक्री करत नाही. म्हणजे तंत्रज्ञानाने जितकी चांगली स्पर्धा आणली, तितकं ते तंत्रज्ञान ज्याने वापरलं त्याच्या खात्यात कमी दिसतं. ही आकडेवारीची लबाडी नाही. हिशेब जसा बांधला आहे तसाच तो चालतो, फक्त आपण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा असतो.

फुकट सेवांचं तेच. यूपीआय एप्रिल 2016 मध्ये सुरू झालं. ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात त्यावर 2,000 कोटींहून जास्त व्यवहार झाले. जानेवारी 2020 पासून दुकानदाराला यूपीआयवर शुल्क नाही. किंमत शून्य, म्हणून या सेवेचं विक्रीमूल्यही शून्य. एसटीडी-पीसीओ आठवतात? सीताबर्डीवर तर जवळपास प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक पिवळी पाटी असायची. त्यांचा गल्ला जीडीपीत यायचा. आज मुंबईला, अमेरिकेला व्हॉट्सॲपवर तासभर बोललं तरी डेटाच्या रिचार्जपलीकडे काही मोजलं जात नाही. बोलणं कितीतरी पटींनी वाढलं आणि त्याची मोजलेली किंमत घटली. फोटो धुऊन देणाऱ्या दुकानांची कथाही अशीच.

सॉफ्टवेअरबद्दल नियमच बदलत आले आहेत. राष्ट्रीय हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत 1993 पासून सॉफ्टवेअर गुंतवणूक धरलं जातं, त्याआधी ते बहुतेक चालू खर्चात जायचं. 2008 च्या पद्धतीने संशोधन-विकासालाही गुंतवणूक मानलं, आणि आपण ती जीडीपीच्या 2011-12 पायाभूत वर्षाच्या मालिकेत स्वीकारली. मार्च 2025 मध्ये मान्य झालेली नवी पद्धत तर माहितीच्या साठ्यालाही मालमत्ता म्हणते. पण दुकानात उलट दिशेने बदल होतो आहे. पूर्वी सॉफ्टवेअर एकदाच विकत घ्यायचे, ती गुंतवणूक. आता मासिक वर्गणी भरतात, तो खर्च, जो मूल्यवर्धनातून वजा होतो. काम तेच, सोयही तीच, पण वाढीच्या विभाजनात त्या दुकानाचं आयटी भांडवल कमी झालेलं दिसेल.

आता माझ्या स्वतःच्या कामाबद्दल, कारण इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. असंघटित उद्योगांच्या पाहणीत संगणक वापरता का, इंटरनेट वापरता का, असे प्रश्न असतात. एका चहा-नाश्त्याच्या दुकानात मी विचारलं. मालक म्हणाला, "आमी कायले इंटरनेट वापरतो म्याडम? आमचं सारं फोनवरच चालते." बोलता बोलता त्याच्या काउंटरवरचा डबा मोठ्याने पैसे आल्याचं सांगत होता. सूचनेप्रमाणे मी प्रश्न सोपा करून विचारला. क्यूआर लावला आहे का, ऑर्डर व्हॉट्सॲपवर घेता का, सामान ऑनलाइन मागवता का? तिन्हींना हो. मग 'हो' नोंदलं. पण घाईत असलेला, दिवसभर उन्हात फिरलेला तपासनीस पहिलंच उत्तर टॅबलेटमध्ये टाकून पुढे गेला तर? मे महिन्यात नागपूरच्या दुपारी दारोदार फिरणं काय असतं ते इथल्यांना सांगायला नको.

खर्चाचं त्याहून अवघड. मोबाईलचं रिचार्ज धंद्याचं किती आणि घरचं किती? एकच फोन, त्यावर मुलीचा क्लासही चालतो आणि मालाची ऑर्डरही जाते. फोन मालमत्तेत धरायचा का? बहुतेक जण "तो तर घरचा आहे" म्हणतात. असं करत करत त्या धंद्याचं आयटी भांडवल शून्यावर येतं. दिल्लीत बसून कुणी कितीही नेमकं गणित मांडलं तरी शून्याला वीस टक्क्यांनी गुणून शून्यच येणार.

याचे परिणाम लहान नाहीत. 2023-24 च्या पाहणीनुसार देशात असे असंघटित 7.34 कोटी उद्योग आहेत आणि त्यांत 12 कोटींहून जास्त लोक काम करतात. त्यातल्या 26.7 टक्क्यांनी इंटरनेट वापरत असल्याचं सांगितलं, आदल्या वर्षी हे प्रमाण 21.1 टक्के होतं. एका वर्षात साडेपाच टक्के बिंदूंची उडी. यातली किती खरी वाढ आणि किती प्रश्न नीट विचारला गेल्यामुळे आलेली, हे मी या कामातली म्हणून स्वतःला विचारतेच. आणखी एक गोष्ट. 2011-12 च्या मालिकेत या उद्योगांचं मूल्यवर्धन 2010-11 च्या पाहणीवर बेतलं आणि पुढची वर्षं इतर निर्देशांकांच्या आधारे ओढत नेली. 2010-11 मध्ये ना यूपीआय होतं, ना जीएसटी, ना व्हॉट्सॲपवरची ऑर्डर. म्हणजे किराणा ओळीत जे झालं ते त्या मालिकेत आपल्या पायावर उभं राहून दिसण्याची सोयच नव्हती. 2022-23 पायाभूत वर्षाच्या नव्या मालिकेत दरवर्षीची पाहणी वापरायचं ठरलं, याचा मला म्हणूनच फार आनंद आहे.

रिझर्व्ह बँक 'इंडिया क्लेम्स' नावाचा माहितीसाठा प्रसिद्ध करते. भांडवल, श्रम, ऊर्जा, कच्चा माल, सेवा असं 27 उद्योगांचं 1980-81 पासूनचं विभाजन त्यात आहे. या कामाशी जोडलेल्या अब्दुल अझीझ एरुंबन आणि देब कुसुम दास यांनी 2016 च्या लेखात भारतापुरतं उत्तर काढलं. आयटीतल्या गुंतवणुकीचं योगदान वाढतं आहे, पण वापरातून येणारा लाभ मुख्यतः सेवा क्षेत्रापुरता आहे. भाच्याला मी हाच लेख वाचायला सांगितला.

आणि ज्यांना देशपातळीच्या गुणाकारावर विश्वास बसत नाही त्यांच्यासाठी एक खालून वर जाणारी वाट आहे. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी केरळच्या किनाऱ्यावर 1997 ते 2001 या काळात मोबाईल टप्प्याटप्प्याने पोचत असताना मासळीचे भाव नोंदवले. फोन आल्यावर मच्छीमार किनारा गाठण्याआधीच भाव विचारू लागले. बंदराबंदरांतली भावाची तफावत जवळपास मिटली, फेकून द्यावी लागणारी मासळी जवळपास थांबली, मच्छीमारांचा नफा आठ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली. आपल्याला जास्त जवळचं काम अपराजिता गोयल यांचं आहे. मध्य प्रदेशात 2000 पासून आयटीसीने गावागावांत ई-चौपाल उभारले, तिथे शेतकऱ्याला सोयाबीनचा भाव संगणकावर दिसू लागला. त्यांच्या हिशेबात त्या भागातल्या मंड्यांमधले सोयाबीनचे भाव सरासरी एक ते तीन टक्क्यांनी वाढले. सोयाबीन पिकवणाऱ्या विदर्भातल्या माणसाला क्विंटलमागे तीन टक्के म्हणजे काय ते कळतं. कळमन्यात, हिंगणघाटात, वाशिममध्ये असा अभ्यास मराठीत आणि मराठी माणसांनी करावा, अर्थशास्त्राच्या एखाद्या एमएच्या विद्यार्थ्याने तरी, असं मला फार वाटतं. बाजार समितीच्या रोजच्या आवक-भावाच्या नोंदी उपलब्ध असतात. कोणत्या गावात टॉवर कधी आला हे विचारून काढता येतं.

पाहणीच्या बाजूने माझी मागणी थोडी आहे. फोन कुणाचा आहे यापेक्षा तो धंद्यासाठी दिवसाचे किती तास वापरला जातो, हे विचारावं. सॉफ्टवेअरची आणि ॲपची वर्गणी इतर खर्चात न मिसळता वेगळी लिहावी. आणि आलेल्या पैशांपैकी किती क्यूआरवर आले, हे विचारावं. हे शेवटचं उत्तर दुकानदाराकडे महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये तयार असतं, आठवणीवर विसंबायची गरज नाही.

आणि इतवारी, गांधीबाग, सक्करदरा, जरीपटका इथल्या दुकानदारांना एक सांगणं. टॅबलेट घेऊन कुणी ओळखपत्र दाखवत आलं तर त्याला खुर्ची द्या, पाणी द्या आणि वर्गणीचा खरा आकडा सांगा. 2008 च्या सांख्यिकी संकलन कायद्याप्रमाणे तुमची माहिती फक्त आकडेवारीसाठी वापरता येते. जीएसटीवाल्यांकडे ती जात नाही.